नाकाने फुंकायच्या बासरीसाठी पिंगतुंगला

तैवानच्या दक्षिणेकडील पिंगतुंग जिल्ह्यात पायवान या आदिवासी समाजाचे संगीत ऐकण्यासाठी मी मार्च महिन्यात दोन दिवस राखून ठेवले होते. तैपेईहून अतिवेगवान रेल्वेने झुओयिंग हे शेवटचे स्थानक गाठावे, तेथून साध्या रेल्वेने पिंगतुंगला उतरावे आणि स्थानकालगतच्या थांब्यावरून सानदीमेन या डोंगरी भागाची बस धरावी. परतीच्या बसची वेळ उतरतानाच विचारून घ्यावी. मी ती विचारली नाही आणि पहिली संध्याकाळ थांब्यावरच गेली.

सानदीमेनशेजारच्या माजिया या भागातील आदिवासी संस्कृती उद्यान सोमवारी बंद असते. तेथील नृत्य-गायनाचा कार्यक्रम नेटका आहे, पण तो अनेक जमातींचा मिळून असल्याने पायवानांच्या वाट्याला थोडाच वेळ येतो.

खरे आकर्षण म्हणजे जोडनळीची बासरी. बांबूच्या दोन नळ्या शेजारी बांधलेल्या असतात. एकीला छिद्रे असून तिच्यावर चाल वाजते, तर छिद्रे नसलेली दुसरी एकच स्वर धरून ठेवते. आपल्या पुंगीतही असाच एक स्वर अखंड चालतो, मात्र येथे नळ्या नाकपुड्यांशी धरतात. तिच्या नादाचे नाते पायवानांना पूज्य असलेल्या ‘शंभर पावली’ या विषारी सापाच्या फूत्काराशी जोडले जाते, आणि काही गावांत ती सरदार घराण्यातील मृत्यूच्या शोकात वाजवली जाई. म्हणूनच ‘जरा वाजवून दाखवा’ अशी फर्माईश कोणाकडेही करू नये. तोंडाने वाजवायची बासरी वेगळी असून तिचा संबंध प्रणयाराधनाशी आहे. दोन्ही बासऱ्यांच्या वादनाला 2011 मध्ये शासनाने महत्त्वाच्या पारंपरिक कलेचा दर्जा दिला आणि वादक पाइरांग पावावाल्युंग यांना तिचे जतनकर्ते म्हणून मान्यता दिली.

त्यांचे दाशे हे गाव ऑगस्ट 2009 च्या मोराकोट वादळानंतर डोंगरावरून खाली, माजियातील रिनारी या नव्या वसाहतीत आले. तेथे घरगुती मुक्काम मिळतो; आधी आरक्षण करून यजमानांना गाण्याविषयी विचारावे. मी जे ऐकले त्यात एकाने ओळ उचलली आणि उरलेल्यांनी ती एवढ्या भरदार आवाजात झेलली, की ध्वनिमुद्रणाची परवानगी मागण्याचेही भान मला राहिले नाही. ती आधीच मागावी, आणि निघताना ‘मासालू’ म्हणून आभार मानावेत.

सुगीचे उत्सव जुलै-ऑगस्टमध्ये असतात, परंतु तेच दिवस वादळांचे असल्याने डोंगरी रस्ते अचानक बंद होतात. त्या काळात जाणाऱ्यांनी एक दिवस मोकळा ठेवावा.