कमी बजेटमधला सॅक्रिफाइस डेक आणि एका काउंटरने खाल्लेलं माझं डोकं

मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळात आपलीच क्रीचर्स (लढणाऱ्या प्राण्यांची कार्डं) बळी द्यायची आणि त्यावर दुसरं एखादं क्रीचर पोसून मोठं करायचं, असा डेक मला कधीपासून बनवायचा होता. आणि बजेटमध्येच बनवायचा होता, म्हणजे महागडी रेअर कार्डं नाहीत, फॉइल नाही, काही नाही. ते जमलं, मस्त जमलं, पण मधे एका जागी जे अडकलो त्याचा राग अजून गेलेला नाही म्हणून हे लिहितोय. तयार याद्या शोधायला गेलात की बऱ्याच ठिकाणी दोन गोष्टी एकत्र कोंबलेल्या दिसतात ज्या एकमेकींच्या मुळावर उठतात आणि याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. त्यावर येतोच.

आधी पटकन ढाचा. असल्या डेकला तीन प्रकारची माणसं लागतात. एक, मरायला तयार असलेली, म्हणजे चारा. दोन, बळी घेणारा, ज्याला सगळे आउटलेट म्हणतात. तीन, कोणी मेलं की समोरच्याचं लाइफ खाणारा. 'अरिस्टोक्रॅट्स' हे नाव ऐकलं असेल, ते २०१३ च्या माँट्रियलच्या प्रो टूरनंतर पक्कं झालं, टॉम मार्टेलने ती स्पर्धा त्याच नावाच्या डेकने जिंकली होती. तेव्हाची कार्डं वेगळी, पण कल्पना तीच.

आउटलेट म्हणून कॅरियन फीडर आणि व्हिसेरा सीअर घ्या, चार-चार. दोन्ही एका काळ्या मानाचे (माना म्हणजे लँडमधून मिळणारी, कार्ड उतरवायला लागणारी किंमत), दोन्ही बळी घ्यायला वेगळा माना मागत नाहीत, आणि टॅप करावं (कार्ड आडवं करावं) लागत नसल्याने ज्या टर्नला उतरवले त्याच टर्नला कामाला लागतात. फीडर प्रत्येक बळीला स्वतःवर एक +१/+१ काउंटर (ताकद आणि टिकाव एकेकाने वाढवणारी खूण) घेतो, तोच आपला वाढणारा प्राणी. ब्लॉक मात्र करत नाही हा, ते विसरायचं नाही. सीअर प्रत्येक बळीला डेकच्या वरचं एक कार्ड बघू देतो, नको असेल तर तळाला.

आउटलेटवर कंजूषी करू नका. ६० कार्डांत फक्त चार आउटलेट असतील तर पहिल्या सात कार्डांत एक तरी यायची शक्यता साधारण ४० टक्के. आठ असतील तर ६५, आणि दहा केले तर ७४ च्या आसपास. लोक चारा भरत बसतात आणि मग हातात पाच मरायला उत्सुक मंडळी घेऊन नुसते बघत बसतात. मी फीडर आणि सीअरवर दोन ब्लडथ्रोन व्हॅम्पायर टाकले, दहा झाले, विषय संपला.

आता तो छळ.

बहुतेक सगळे काळा-हिरवा सुचवतात, कारण हिरव्यात यंग वुल्फ आहे. एका मानाचा १/१ (ताकद एक, टिकाव एक), अनडाइंगवाला. अनडाइंग म्हणजे मेला की परत येतो, +१/+१ काउंटर घेऊन. एका कार्डात दोन बळी, चाऱ्याला याहून चांगलं काय पाहिजे. आणि डेक 'वाढणाऱ्या क्रीचर्स'चा, म्हणून त्याच यादीत सगळ्यांवर +१/+१ काउंटर टाकणारी कार्डंही असतात. कागदावर बघितलं की वाटतं वा, लांडगा मरतोय, परत येतोय, वाढतोय, सगळंच जुळतंय.

काही जुळत नाही. अनडाइंगचं वाक्य पूर्ण वाचा: क्रीचर मेलं आणि त्याच्यावर +१/+१ काउंटर *नव्हता*, तरच परत येतं. म्हणजे तुमच्या वाढवणाऱ्या कार्डाने प्रेमाने लांडग्यावर एक काउंटर ठेवला की तो लांडगा एकदाही परत येणार नाही. जे कार्ड दोन बळी देणार होतं ते एकावर आलं, आणि ते एकावर आणायला आपणच दुसरं कार्ड खर्च केलं!

बरं, यावर टेबलावर वाद होतातच. आमच्यात झाला तो असा:

"अरे पण ग्रेव्हयार्डमध्ये, मेलेल्या कार्डांच्या ढिगात, गेल्यावर काउंटर निघून जातो ना? मग आता कुठे काउंटर आहे? ये म्हणाव परत."

"तसं नसतं. मरायच्या क्षणी बोर्डवर कसा होता ते बघतात."

"म्हणजे मेलेल्याचा इतिहास काढायचा?"

हो, अगदी तसंच. गेम त्या क्रीचरची बोर्डवरची शेवटची अवस्था बघतो. तेव्हा काउंटर होता, संपलं. माझा मित्र बराच वेळ हे मानायला तयार नव्हता, आणि त्याचं मला आश्चर्य नाही, ज्या यादीवरून हे सगळं सुरू झालं तिच्यात दोन्ही कार्डं शेजारी-शेजारी होती. आणि कुठे विचारायला जावं तर उत्तर काय, 'दोन्ही टाक, मजा येते'. कसली मजा.

या कात्रीत मी बरेच दिवस होतो. लांडगा काढू तर चारा कमी पडतो, काउंटरवाली कार्डं काढू तर वाढणार एकटा फीडर, आणि त्याला समोरच्याने मारलं की सगळा डेक बसला. मधला रस्ता म्हणून दोन्ही अर्धे-अर्धे ठेवून बघितले, ते तर सगळ्यात वाईट, कधी नुसते लांडगे हातात, कधी नुसती वाढवणारी.

सुटका झाली ती पर्सिस्टमुळे. पर्सिस्ट म्हणजे अनडाइंगचा उलटा भाऊ, तसा वयाने मोठाच, पर्सिस्ट २००८ च्या शॅडोमूर संचातला आणि अनडाइंग २०१२ च्या डार्क असेन्शन संचातला. यात मेलेलं क्रीचर -१/-१ काउंटर घेऊन परत येतं, आणि अट अशी की मरताना त्याच्यावर -१/-१ काउंटर नसावा. आता मूळ नियम बघा: एकाच क्रीचरवर +१/+१ आणि -१/-१ दोन्ही आले की ते एकमेकांना खाऊन टाकतात, जोडीजोडीने दोन्ही काढून टाकायचे. म्हणजे पर्सिस्टवाला परत आला, त्याच्यावर कोणीतरी +१/+१ ठेवला, दोन्ही गायब, क्रीचर कोरं करकरीत. परत मारा. परत येतंय. जो काउंटर लांडग्याला मारत होता तोच इथे जीव देतो.

कार्डं सांगतो: प्युट्रिड गॉब्लिन, दोन मानाचा २/२, पर्सिस्ट. आणि मेटॅलिक मिमिक, दोन मानाचा, कुठल्याही रंगात चालणारा. मिमिक उतरवताना एक क्रीचर टाइप निवडायचा, मग त्या टाइपची तुमची बाकीची क्रीचर्स एक जादा +१/+१ काउंटर घेऊनच उतरतात. प्युट्रिड गॉब्लिन झोंबी पण आहे आणि गॉब्लिन पण. 'झोंबी' म्हणा, कारण कॅरियन फीडरही झोंबीच आहे, नंतर उतरला तर तोही एक काउंटर घेऊन येतो. आता मिमिक, गॉब्लिन आणि फीडर तिघं बोर्डवर असले की गॉब्लिन हवा तितक्या वेळा बळी द्या. फीडर हवा तेवढा मोठा. फक्त 'अनंत' म्हणून चालत नाही, आकडा सांगावा लागतो, मी एक हजार म्हणतो आणि समोरच्याचा चेहरा बघतो.

एक हजाराचा फीडर बघून हुरळून जाऊ नका मात्र. त्याच्यात ट्रॅम्पल (ब्लॉक करणाऱ्याला मारून उरलेलं डॅमेज खेळाडूला देणं) नाही. समोरचा एक फालतू १/१ टोकन (कार्डाशिवायचं क्रीचर) आडवा घालतो आणि तुमचा डोंगर तिथेच थांबतो. म्हणून झुलापोर्ट कटथ्रोट लागतोच: तो किंवा तुमचं दुसरं कोणतंही क्रीचर मेलं की प्रत्येक विरोधकाचं एक लाइफ जातं आणि तुम्हाला एक मिळतं. तो बोर्डवर असेल तर हल्ला करायचीही गरज नाही. फीडरऐवजी सीअर असेल तर त्याहून गंमत, गॉब्लिन मारत-मारत कटथ्रोट वर येईपर्यंत डेक चाळत राहायचं, मग व्हिलेज राइट्सने (एक क्रीचर बळी देऊन टाकायचं स्पेल) दोन कार्डं ओढायची. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी उभा राहिलो होतो खुर्चीवरून, कबूल.

आणि या सगळ्यात बजेटचा प्रश्न आपोआप सुटला, ते मला सगळ्यात आवडलं. लांडगा गेला तशी हिरव्याची गरज गेली. दोन रंगांच्या डेकमध्ये पैसा जातो तो बहुतेक लँडवर, स्वस्तातल्या दुरंगी लँड टॅप होऊन, म्हणजे त्या टर्नला न वापरता येणाऱ्या, उतरतात आणि एका-एका मानाच्या कार्डांच्या डेकला ते परवडत नाही. आता सगळा डेक काळा, लँड म्हणून नुसते साधे स्वॅम्प, २१.

बाकीची यादी: फीडर ४, सीअर ४, ब्लडथ्रोन व्हॅम्पायर २, प्युट्रिड गॉब्लिन ४, शँबलिंग गॉब्लिन ४ (मरताना विरोधकाच्या एका क्रीचरला टर्नपुरतं -१/-१ देतो, छोटी क्रीचर्स साफ होतात), डूम्ड डिसेंटर ४ (मेला की त्याच्या जागी २/२ झोंबी टोकन), मिमिक ४, कटथ्रोट ४, ब्लड आर्टिस्ट २ (काम कटथ्रोटसारखंच), व्हिलेज राइट्स ४, बोन स्प्लिंटर्स ३ (एक बळी देऊन एक क्रीचर मारायचं). मिमिक सोडला तर बाकी साधी कॉमन-अनकॉमन मंडळी.

हां, विकत घ्यायच्या आधीचं राहिलंच. कागदाच्या चिठ्ठ्यांवर नावं लिहून स्लीव्हमध्ये साध्या लँडच्या पुढे सरकवा आणि घरच्यांशी किंवा मित्रांशी खेळून बघा. अधिकृत स्पर्धेत हे चालत नाही, पण घरी कोण विचारतंय. माझे लांडगे चिठ्ठीवरच वारले, एकही विकत घेतला नव्हता. आणि एकच कार्ड अनेक संचांत छापलेलं असतं, सगळ्यात साध्या चित्राचं घ्या, बळी देताना चित्र कोण बघतंय.

खेळताना दोन-तीन गोष्टी. समोरच्याने तुमच्या एखाद्या क्रीचरवर मारायचं कार्ड टाकलं की उत्तरादाखल तेच क्रीचर बळी द्या, त्याचं कार्ड वाया. ब्लॉक केल्यावरही तसंच, आधी ब्लॉक, मग बळी, हल्ला करणारा ब्लॉक झालेलाच राहतो आणि ट्रॅम्पल नसेल तर त्याचं डॅमेज कुठेच जात नाही. व्हिलेज राइट्स आणि बोन स्प्लिंटर्समध्ये मात्र बळी ही आधी भरायची किंमत आहे, समोरच्याने स्पेल रद्द केलं तर क्रीचर पण गेलं आणि हातात काही नाही, निळ्या रंगाचा (असं रद्द करू शकणारा) खेळाडू माना मोकळा ठेवून बसला असेल तर त्या वेळी शेवटचं क्रीचर लावू नका. आणि त्याचा माना मोकळा असताना सगळा चारा फीडरलाही घालू नका, तो फीडरलाच उडवतो.

एक्झाइल (कार्ड खेळाबाहेर काढणं) म्हणजे मरण नाही. स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्ससारखं काही गॉब्लिनवर आलं तर पर्सिस्ट नाही, कटथ्रोटचा ट्रिगर नाही, काही नाही, म्हणून त्याने स्पेल टाकल्या-टाकल्या बळी द्यायचा. बोर्डवर रेस्ट इन पीस आलं तर अख्खा डेक झोपतो, मेलेलं सगळं थेट एक्झाइलला जातं. त्यावर काळ्यात स्वस्त उपाय मला सापडलेला नाही, मी तो गेम सोडतो आणि पुढचा लावतो.

मिमिकच्या जागी काही साधं कॉमन कार्ड काळ्यातच कोणाला माहीत असेल तर सांगा, चार मिमिकपैकी दोन काढून चारा वाढवायचा विचार आहे.