सावंतवाडीत एक रात्र जास्त राहिलो त्याची गोष्ट

गोव्याला जाताना सावंतवाडीत आम्ही दरवेळी चहा घेतो, मोती तलावापाशी दोन फोटो काढतो आणि निघतो. यावेळी आईला गाडी लागली म्हणून मुक्काम पडला आणि सकाळी काहीच काम नव्हतं म्हणून राजवाड्यात गेलो.

दरबार हॉलमध्ये एक ताई खाली मान घालून गंजिफा रंगवत होत्या. गंजिफा म्हणजे पत्ते, पण गोल, तळहातात मावणारे. मी उभ्यानेच बघत होतो, तर मान वर न करता म्हणाल्या, "घाई कित्याक? बसा." बसलो. त्या मत्स्याचा राजा रंगवत होत्या. ब्रशचं टोक इतकं बारीक की डोळा काढताना त्यांनी श्वास रोखला आणि माझाही आपोआप रोखला गेला. दशावतारी संचात असे १२० पत्ते असतात, दहा अवतार, प्रत्येकाचे बारा : राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. दिवसा खेळायला बसलं तर सुरुवात रामाच्या राजाने, रात्री कृष्णाच्या, हे ऐकून आई एकदम खूश झाली आणि आमची निघायची वेळ कधी टळली कळलंच नाही.

पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून त्यावर खडूचा लेप द्यायचे, घोटून गुळगुळीत करायचे, मग रंग आणि वर लाख. हे सगळं जवळजवळ बंद पडलं होतं. १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफा करणाऱ्या म्हाताऱ्या पुंडलिक चितारींना गाठलं, राणीसाहेब स्वतः शिकल्या आणि दरबार हॉलमध्येच कारागीर बसवले. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते, की कला काचेच्या कपाटात ठेवण्याऐवजी तिथे कुणाच्यातरी पोटापाण्याची सोय केली. आता वाड्याच्या एका भागात हॉटेलसुद्धा आहे, तेही याच चित्रांभोवती सजवलेलं.

तेवढ्यात पाचसहा जणांचा एक ग्रुप आला, संचाची किंमत विचारली, एकाने "प्लॅस्टिकचे पत्ते किती रुपयाला येतात माहितीय का" असं मोठ्यांदा म्हटलं आणि सगळे सेल्फी काढून निघून गेले. ताई काहीच बोलल्या नाहीत, फक्त ब्रश पाण्यात बुडवला. मला खरंच खूप राग आला. एकशेवीस वेळा श्वास रोखायचा आणि त्याची बरोबरी कशाशी करायची!

दुपारी चितारआळीत, म्हणजे लाकडी खेळण्यांच्या दुकानांच्या गल्लीत गेलो. पांगाऱ्याच्या लाकडाची फळं, केळी, आंबे, सीताफळ, लांबून खरीच वाटतात. मात्र एका दुकानात बाहेरून आलेली प्लॅस्टिकची खेळणी पुढे मांडलेली आणि लाकडाची मागच्या फळीवर धूळ खात होती. दुकानदार काकांना विचारलं तर म्हणाले, "पुढचा विकला जाता म्हणून तर मागचा ठेवक् परवडता." यावर काय बोलणार, मी मागच्या फळीवरचं सीताफळ घेतलं.

मग गोव्यात गेलो, तिथे दोन दिवस पाऊसच होता.

परतताना पुन्हा वाड्यात थांबलो. पूर्ण संच नाही परवडला, पण मत्स्याचा राजा आईने घेतला. ताईंनी तो कागदात गुंडाळून आईच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता ह्याचो प्रधान करूचो हा."