पद्मिनीची नोंदवही: पेट्रोल भरलं, तरी घाट चढेना

मंडळी, ब्रेकचं काम संपवून १९८६ची पद्मिनी रस्त्यावर आणली होती आणि पहिलाच लांबचा पल्ला वाईचा ठरवला. खंबाटकीच्या चढावर इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी थांबली. काटा पाव टाकी दाखवत होता, त्यामुळे अर्धा तास ठिणगीच्या बाजूला, म्हणजे पॉइंट, कॉइल आणि प्लगच्या वायरींमध्ये गेला. शेवटी टाकीचं झाकण काढून गाडी हलवली. आत डचमळण्याचा आवाजच नाही. टाकी ठणठणीत कोरडी.

एका दुचाकीवाल्याने पाच लिटर आणून दिलं. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या माझ्या गाडीच्या पंपाला हाताने मारायची लिव्हर आहे. ती मारत राहिलं की कार्ब्युरेटरचा बाऊल, म्हणजे इंजिनाआधीची पेट्रोलची छोटी वाटी, भरतो आणि लिव्हर हलकी होते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: इंजिन नेमकं पंपाचा दांडा दाबलेल्या अवस्थेत थांबलं असेल, तर लिव्हर सुरुवातीपासूनच ढिली लागते आणि पंप गेला असं वाटतं. इंजिन थोडं फिरवून परत मारायची. तसं केल्यावर गाडी सुरू झाली, वाईला पोचलो, परतही आलो.

पुढच्या रविवारी कात्रजच्या जुन्या घाटात पुन्हा बंद. या वेळी टाकीत भरपूर पेट्रोल होतं. सपाटीला गाडी उत्तम चालायची, चढावर पाच-सहा मिनिटं जोर लावला की मरायची आणि दहा मिनिटं उभी केली की काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. म्हणजे बाऊल भरत होता, पण इंजिन पितं त्या वेगाने भरत नव्हता.

ओळखीच्या मेस्त्रींनी पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटला असेल असं सांगितलं आणि मी किट मागवलंही. तरी पंप उघडण्याआधी एक चाचणी केली आणि ती केली याचं समाधान आहे. कॉइलची वायर काढली, म्हणजे ठिणगी पडायला नको. पंपाकडून कार्ब्युरेटरला जाणारा पाइप बाटलीत सोडून स्टार्टर मारला, तर मुतखडा झाल्यासारखी थेंब-थेंब धार. मग टाकीकडचा पाइप काढून त्या जागी दुसऱ्या बाटलीतलं स्वच्छ पेट्रोल पंपाला दिलं. जोरकस, ठोके पडल्यासारख्या पिचकाऱ्या! पंप निर्दोष होता. दोष पंपाच्या मागे, टाकीच्या बाजूला.

त्या बाजूला आधी सापडला पंपाजवळचा वीतभर रबरी पाइप, वळणावर तडकलेला. तो गळत नव्हता, कारण तिथे पेट्रोल ओढलं जातं. फट असेल तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. म्हणून अशी फट जमिनीवरच्या डागाने सहसा सापडत नाही. पंपाआधी पारदर्शक फिल्टर बसवला की बुडबुडे दिसतात. पाइप नवा घातला, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा. बुडबुडे थांबले, चढावरचं मरणं मात्र निम्मंच कमी झालं.

मग टाकीकडे जाणाऱ्या नळीत सायकलच्या पंपाने उलटी हवा मारली. टाकीत गुडगुड झाली आणि गाडी तीस किलोमीटर छान चालली. नंतर तेच. आता शंका उरली नाही. टाकीत नळीच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर काहीतरी ओढलं जाऊन चिकटत होतं आणि इंजिन थांबलं की सुटून खाली पडत होतं. दहा मिनिटांच्या विश्रांतीचं कोडं हेच.

टाकी उतरवली. इथे कळकळीने सांगतो: रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. काम उघड्यावर केलं, आधी तीनदा पाण्याने भरून रिकामी केली, वेल्डिंगचं नावही काढलं नाही. जाळीवर गंजाचा तपकिरी गाळ लेपासारखा बसला होता. गंज खरवडायला चोवीस नट मोजून आत टाकले, पाण्यासकट खळखळवले, चोवीस मोजून बाहेर काढले. मग दोन दिवस सायट्रिक ॲसिडचं पाणी, सोड्याने धुणं, वाळवणं आणि लगेच ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा हात. नाहीतर उघडा पत्रा बघता बघता पुन्हा तांबूस होतो. बाऊलमध्येही लाल पूड आणि तळाशी पाण्याचे थेंब निघाले. जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकं, फक्त हवेने साफ केले. तार घालू नका, भोक मोठं होतं.

गाळ वर्षानुवर्षं तळाशी होताच. माझ्या मते कोरड्या तळावर वरून घाईने ओतलेल्या पाच लिटरने तो ढवळला. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुना थर सोडवतं, तेही कारण असणार.

कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या नव्या गाड्यावाल्यांसाठी एवढंच: तुमचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. कोरडा पडल्यावर स्टार्टर मारत बसू नका. पेट्रोल भरा, चावी दोन-तीनदा चालू-बंद करून दाब येऊ द्या, मग सुरू करा.

काट्याचं कोडंही सुटलं. टाकीत पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटचा दांडा गंजून पाव टाकीवरच अडकला होता. तो मोकळा केला. गेल्या रविवारी खंबाटकी न थांबता चढलो, फिल्टर वर पोचल्यावरही स्वच्छ. आता टाकी पाच-पाच लिटरने मोजून भरतोय आणि प्रत्येक वेळी काटा कुठे येतो ते डॅशबोर्डखाली चिकटवलेल्या कागदावर लिहितोय. पंधरा लिटरपर्यंत झालंय.