भोंगा वाजला की पेवात

आमच्याकडं अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत दर शनिवारी दुपारी १२ ला टोर्नेडोचा, म्हणजे भोवऱ्यासारख्या फिरत येणाऱ्या वादळाचा, इशारा देणारा भोंगा वाजतो. टेस्टिंग असतं. आभाळ भरून आलेलं असलं तर त्या दिवशी वाजवत नाहीत, नाहीतर लोकांना खरा कुठला न खोटा कुठला कळायचं नाही. २०१६ च्या एप्रिलात आई पहिल्यांदा इकडं आली आणि पहिल्याच शनिवारी तो भोंगा ऐकून तिनं माझ्या पोराला दंडाला धरलं आणि थेट बाहेर, गवतात. पायात चप्पल नाही, हातात लाटणं तसंच. मी म्हणलं अगं टेस्टिंग आहे ते. तर म्हणली, "टेस्टिंग आसंल न्हाईतर आनिक काय आसंल, तू आदी भाईर ये."

ज्यांचं गाव औसा-उमरगा-निलंग्याकडं आहे त्यांना सांगायची गरज नाही की ती अशी का पळाली.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. मी ९ वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं उशिरा येऊन मेल्यासारखी झोपलेली. आमचं गाव किल्लारीपासून जरा लांब म्हणून आम्ही वाचलो, वाड्याची एक भिंत आणि गोठा एवढंच गेलं. पण किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं झोपेतच संपली, सरकारी आकडा धरला तरी साडेसात हजारांच्या वर माणसं. ६.२ चा भूकंप जगाच्या हिशोबात फार मोठा नसतो हे मला नंतर कळलं. मारलं ते घरांनी. दगडाच्या दोन-तीन फुटी भिंती, त्यात सिमेंट नाही नुसता चिखल, आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. माळवद गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याच्या आधी वर मातीचा आणखी एक थर टाकायचा, म्हणजे आज्याच्या काळापासून डोक्यावर वजन वाढतच चाललेलं. उन्हाळ्यात तेच घर इतकं गार लागायचं की विचारू नका.

आणि गंमत बघा (गंमत कसली), आदल्या वर्षी १९९२ ला तिकडं बारीक बारीक हादरे बसत होते तेव्हा लोक बाहेर झोपले होते. मग काही झालं नाही, थंडी आली, पाऊस आला, लोक परत आत गेले. भूकंपानंतर मात्र आम्ही कितीतरी महिने घर असूनही अंगणात, पत्र्याच्या शेडात झोपलो. आमच्या पिढीच्या अंगात ते मुरलंय, हललं की बाहेर, आवाज आला की बाहेर, विचार नंतर.

आणि नेमका मी आलो अशा ठिकाणी जिथं सगळं उलटं आहे.

इथली आपत्ती वरून येते. एप्रिल-मे-जून मध्ये दक्षिणेकडून, मेक्सिकोच्या आखाताकडून दमट गरम हवा येते, पश्चिमेकडून कोरडी हवा, आणि उंचावर जोराचं थंड वारं, हे तिन्ही ज्या दिवशी इथल्या सपाट माळावर एकत्र आले त्या दिवशी दुपारपासून टीव्हीवाले कोट काढून बाह्या सरसावून उभे राहतात. "वॉच" म्हणलं की टोर्नेडो होऊ शकतो, हवा तशी आहे. "वॉर्निंग" म्हणलं की झालाय किंवा रडारवर दिसतोय, पळा. इथं बारक्या पोरालाही हा फरक कळतो. टीव्हीवर हेलिकॉप्टरमधून लाइव्ह दाखवतात, अमुक रस्त्याच्या चौकात इतक्या वाजता पोचेल असं मिनिटासकट. आपल्याकडं "मराठवाड्यात तुरळक ठिकाणी" ऐकून मोठा झालेला माणूस मी, मला ते बघून पहिल्यांदा रडायलाच आलं खरं सांगतो.

तरी माणसं मरतातच. शेजारच्या मूर गावात २० मे २०१३ ला ईएफ-५ चा टोर्नेडो झाला, म्हणजे सगळ्यात वरची पायरी, वारं ताशी ३२० किलोमीटरच्या वर. २४ माणसं गेली, त्यात एका शाळेतली ७ लेकरं. त्याच मूरमधून १९९९ च्या ३ मे ला तसलाच एक गेला होता. माझ्या ऑफिसातला एक जण दोन्ही वेळेस तिथंच होता आणि आजही तिथंच राहतो. का राहतोस म्हणून विचारलं तर म्हणला घर आहे ना माझं. किल्लारीचे लोक पण असंच म्हणायचे.

तर टोर्नेडोत बाहेर जायचं नाही. सगळ्यात आतली खोली, खिडकी नसलेली, बाथरूम किंवा कपड्याचं कपाट, किंवा मग शेल्टर. बऱ्याच घरांना तळघर नसतं इथं, तांबडी चिकण माती आहे, ओली झाली की फुगते अन् वाळली की आकसते, आपल्या काळ्या रानासारखीच. म्हणून लोक गॅरेजच्या फरशीत खड्डा करून लोखंडाची पेटी गाडून घेतात, वर सरकतं झाकण. आमच्याकडं ती आहे. आईला दाखवली तर वाकून बघून म्हणली, "हे तर पेव हाय की रं."

खरंच की! मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं. आमच्या वाड्यात ज्वारीचं पेव होतं, म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खड्डा. आणि पेवाचा नियम आईला पाठ, बंद पेवात एकदम उतरायचं नाही, आत हवा कोंदलेली असते, आधी कंदील सोडायचा, विझला तर माणूसही विझतो. त्यामुळं तिनं जाहीर केलं की पेवात ज्वारी जाते, माणूस जात नसतंय. मी झाकणाची भोकं दाखवली, नाव नगरपालिकेकडं नोंदवलेलं असतं म्हणजे वर ढिगारा पडला तरी शोधत येतात हे सांगितलं. ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यात कुरडयांचा डबा आणि लोणच्याची बरणी, गार जागा आहे म्हणून.

तसंही तिला इथं सगळंच विचित्र वाटत होतं. ती निघाली त्याच आठवड्यात, १२ एप्रिलला, मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली होती, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. मांजरा धरण कोरडं, नळाचा पत्ता नाही, टाकीजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी. तिथून उठून ही बाई इथं आली आणि शॉवरखाली बादली लावायला लागली. ते पाणी गवताला. बायको काही बोलली नाही, मीही नाही.

मे मध्ये एक दिवस खरा भोंगा वाजला. चार-साडेचारची वेळ, आभाळ हिरवट झालेलं, वारं एकदम पडलेलं, आणि आधी गारा. आपण बोराएवढी, लिंबाएवढी म्हणतो, इथं गोल्फ बॉल, बेसबॉल म्हणतात. आईनं पत्र्यावर गारा ऐकलेल्या, २०१४ ला फेब्रुवारी-मार्चात हातातोंडाशी आलेली ज्वारी आणि हरभरा आडवा झालेला बघितलेला, तिला गारांचं भ्या नव्हतं. (इथं गारा पडल्या की दुसऱ्या दिवशी छप्परवाले दारात हजर, विमा आहे का विचारत. आपल्याकडं पंचनाम्याची वाट बघायची.) आम्ही सगळे बूट घालून, डोक्यावर सायकलचं हेल्मेट घालून शेल्टरमध्ये, आणि आई नऊवारीवर हेल्मेट घालून वरच उभी. उतरेना. बाहेर बघते तर समोरचा म्हातारा अमेरिकन खुर्ची टाकून ढग बघत बसलेला, इथल्या लोकांना ही खोड आहेच. आई म्हणली, "त्यो बगा, त्यो भाईर हाय!" शेवटी पोरगं खालून रडायला लागलं तेव्हा उतरली, पण झाकण पूर्ण लावू दिलं नाही, वीतभर फट ठेवायला लावली. टोर्नेडो बऱ्याच लांबून गेला. पाऊण तास आम्ही सहा फुटाच्या पेटीत लोणच्याच्या वासात बसलो होतो.

मग ३ सप्टेंबर. शनिवारच होता तो पण. सकाळी ७ वाजून २ मिनिटांनी पलंग हलला. मी जागा झालो तेव्हा मी हाफ पँटवर ड्राइव्हवेवर उभा होतो, म्हणजे कसा आलो ते आठवतच नाही. आई माझ्या आधी तिथं होती, पोराला कडेवर घेऊन. पॉनी गावाजवळ ५.८ चा भूकंप, ओक्लाहोमातला नोंदीतला सगळ्यात मोठा. तेल-गॅस काढताना निघणारं खारट पाणी खोल जमिनीत परत सोडतात, त्यानं जुन्या भेगा सरकायला लागल्या म्हणे. त्यानंतर त्या भागातल्या ३७ विहिरी, म्हणजे ते पाणी सोडायच्या, बंद करायला लावल्या. इकडं लाकडी सांगाड्याची घरं, त्यामुळं सल्ला असा की बाहेर पळू नका, टेबलाखाली बसा आणि टेबल धरून ठेवा. बायको तशीच बसली होती, ती पुण्याची.

गणेश चतुर्थी दोन दिवसांवर आली होती. आई पायरीवर बसून म्हणली, "गणपतीतच कसं येतंय रं ह्ये." मी तिला पाण्याच्या विहिरींचं सगळं सांगितलं. ती म्हणली, "म्हंजी मानसानं आनलं?" आणि गप्प बसली. त्याच शनिवारी १२ चा भोंगा वाजला तर ती जागची हलली नाही.

आता ती गावाकडंच असते. भाच्यानं तिच्या मोबाइलमध्ये दामिनी टाकून दिलंय, पुण्याच्या आयआयटीएमचं ॲप, जवळपास वीज पडायची शक्यता असली की सांगतं. रानात बाभळीखाली, लिंबाखाली उभ्या राहिलेल्या बाया दरवर्षी जातात, त्यामुळं तिचा त्यावर विश्वास बसलाय आणि ती शेजारणींनाही रानातून हाका मारून आणते. परवा फोनवर मागं कडाडत होतं. मी म्हणलं आत आहेस ना. "आतच हाय, दारात बसूलालेव." म्हणलं दारात नको बसू, दार लाव अन् आतल्या खोलीत जा.

"आन दार लावल्यावर जमीन हालली तर? त्या साली हिंगोलीकडं हालली न्हवं का?"

२०२४ च्या जुलैत ४.५ चा झाला होता तिकडं. मला काही बोलता आलं नाही. म्हणलं बरं, बस मग, पण चौकटीला टेकू नको.