नकला काढता काढता

मार्च ते जून मी एकही ओळ लिहिली नाही. म्हणजे ऑफिसच्या लिहिल्या, त्या तर रोज ढीगभर, हॉटेलांच्या, क्रूझच्या, फोंडा-पणजी बसमध्ये उभ्या उभ्या मोबाईलवर सुद्धा. पण गावच्या जत्रेचं नाटक मी लिहून देते असा शब्द दिला होता, त्याचा पहिला अंक झाला आणि दुसरा काही केल्या सुचेना. लॅपटॉप उघडला की पोटात गोळा यायचा.

मला वाटलं आळस आलाय. मग वाचनात आलं की जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केलीय, आजार म्हणून नाही, तर कामाचा ताण बराच काळ निस्तरला नाही की जे होतं ते: अंगातली ताकद संपणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तिन्ही माझ्यात होती. वाचून रडायलाच आलं, कारण कोणीतरी नाव दिलं होतं त्याला. दोन क्लायंट सोडले, पैसे कमी झाले, संध्याकाळी सातनंतर फोन बंद. महिन्याभरात झोप लागायला लागली.

पण दुसरा अंक तरीही नाहीच! थकवा गेला तरी अडलेलं अडलेलंच राहिलं, तेव्हा कळलं की माझ्यापुरत्या तरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

श्रावणात मोठ्या काकांनी एक जुनी वही हातात दिली, त्यांच्या तरुणपणी देवळाकडे झालेल्या नाटकाची, आणि म्हणाले नकला काढून दे. नक्कल म्हणजे एका पात्राची फक्त त्याची वाक्यं, आणि प्रत्येकाआधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. आता सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकतात, पण काकांचं म्हणणं, अख्खी संहिता हातात असली की नट तालमीत ऐकतच नाही, पुढचं वाचत बसतो. मला पटलं ते.

सोप्यावर बसून लिहायचे. बाहेर धो धो पाऊस, कागद इतका सर्द की बॉलपेन घसरायचं, वहीच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. स्वतःचं काही सुचवायचं नव्हतं, फक्त उतरवायचं, आणि हाताला परत लिहायची सवय होत होती. घरात आम्ही कोंकणी बोलतो, त्यामुळे नाटकाची मराठी माझ्या कानात आधी याच देवळाच्या मंडपातून शिरलीय, ती परत ऐकू यायला लागली. काका मधेच डोकावून विचारायचे, "कितें गो, जालें?"

आठव्या दिवशी सहज म्हणून माझ्याच पहिल्या अंकाच्या नकला काढल्या. सासऱ्याची सहा पानं. सुनेचं अर्धं पान! आणि त्यात "हो", "बरं", "चहा आणते" याशिवाय काही नाही, आणि मी चार महिने दुसऱ्या अंकात तिलाच घर सोडायला लावत होते. ती कशी सोडेल, तिने आतापर्यंत कोणाला काही सांगितलंच नव्हतं.

पहिला अंक परत उघडलाय. काल तिला चुलीपाशी नणंदेशी बोलायला लावलं, पाऊण पान झालं. काकांना अजून दाखवलं नाही, आधी नणंदेची नक्कल काढून बघते.