"बाई, ते खायचं नसतं!" – पोरांसोबत समुद्र शिकतानाचा माझा अनुभव

मी मूळची लातूरकडची. बदली होऊन रत्नागिरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आले तेव्हा समुद्र म्हणजे कधीतरी गणपतीपुळ्याच्या सहलीत पाहिलेला तेवढाच, आणि इथे वर्गात निम्म्याहून जास्त पोरं खारवीवाड्यातली, ज्यांचे बाबा-काका बोटीवर जातात. आता अशा पोरांना मी काय डोंबल समुद्री जीवन शिकवणार? बांगडा कुठला आणि पेडवा कुठला हे मलाच त्यांनी शिकवलं. पण हळूहळू एक लक्षात यायला लागलं की जे विकलं जातं किंवा खाल्लं जातं ते ह्यांना सगळं पाठ. कुर्ली (म्हणजे खेकडा) उलटी केली आणि पोटावरची झापड निमुळती असली तर नर, रुंद असली तर मादी, हे दुसरीतलं पोरगं पण सांगतं. आणि जे बाजारात जात नाही त्याला सगळ्यांचं एकच उत्तर, "ते कायच नाय बाई, ते खायचं नसतं." मला त्या कायच-नाय-वाल्यांचं काहीतरी करायचं होतं.

पोरांना किनाऱ्यावरच्या खडकावर नेऊन हे सगळं बघायचं ठरवलं. परवानगीचं फार काही सांगत नाही, मुख्याध्यापक तयार होते, व्यवस्थापन समितीत एक मीटिंग झाली, पालकांच्या सह्या आणल्या. एका आईने मात्र विचारलंच, "खडकावर तर ती तशीपण असतात दिवसभर, त्यासाठी शाळेत कशाला घालायचं?" प्रश्न बरोबरच होता, मी फक्त म्हटलं बघू या.

खरी अडचण वेळेची. खडक उघडा पडतो तो उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, आणि ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तिला शाळेच्या वेळापत्रकाशी काही देणंघेणं नाही. मी मोबाईलवर भरती-ओहोटीचं ॲप उघडून बसलेले तर चौथीतल्या एका मुलाच्या आजोबांनी सोप्पा हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पोरांनी महिनाभर फळ्यावर दोन रकाने केले, एक आजोबांचा आणि एक ॲपचा, आणि आमच्या किनाऱ्यावर फरक अर्ध्या-पाऊण तासाचा पडतो असं निघालं. पाऊणपटीचा पाढा इतक्या आनंदाने पाठ झालेला मी आयुष्यात पाहिला नव्हता! ह्याच हिशोबाने आम्ही तेरस आणि चौदस धरली, कारण तेव्हा ओहोटी दुपारी पावणेचार-साडेचारला येते, उजेड असतो आणि पोरं अंधार पडायच्या आत घरी. अमावास्येला तीच ओहोटी सव्वापाचला जाते आणि थंडीत तोपर्यंत सूर्य बुडायला येतो.

सामान घरगुतीच. प्लंबरकडून अर्धा इंची पीव्हीसी पाईप आणि चार एल्बो आणले, अर्धा मीटर बाय अर्धा मीटर चौकट केली, आतमध्ये दर दहा सेंटीमीटरवर जाळं विणायचा दोरा बांधला. पंचवीस घरं झाली, एक घर म्हणजे चार टक्के. शेकडेवारी शिकवायला ह्याच्यापेक्षा चांगलं साधन मला अजून मिळालेलं नाही. बोटीचा जुना दोर भरतीच्या रेषेपासून खाली पाण्यापर्यंत ताणायचा, दर पाच मीटरवर गाठ, प्रत्येक गाठीला चौकट ठेवायची आणि आत काय आहे, किती घरं व्यापलीयेत ते लिहायचं. नियम तीनच होते. जिवंत काही घरी न्यायचं नाही, उलटवलेला दगड परत तसाच ठेवायचा. आणि कोन शंखाला हात लावायचा नाही, तो विषारी डंख मारतो. हा नियम पोरांना सांगावाच लागला, कारण दिसायला तो इतका सुंदर की खिशात घालावासाच वाटतो.

आता मोबाईल. आयनॅचरलिस्ट ह्या निसर्गनोंदींच्या साईटवर खातं उघडायला तेरा वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे पोरांसाठी त्यांचंच सीक नावाचं ॲप वापरलं, त्यात खातं लागत नाही. कॅमेरा धरला की ते नाव सुचवतं, खात्री नसेल तर नुसता गट सांगून थांबतं, समुद्राच्या प्राण्यांना तर बऱ्याचदा गटावरच थांबतं. पण माझा नियम असा की आधी पेन्सिल आणि मग मोबाईल. कारण एकदा का स्क्रीनवर नाव आलं की नजर त्या प्राण्यावरून उठते, झालं काम, पुढचा दाखवा. चित्र काढायचं म्हटलं की बघावंच लागतं, पाय किती, तोंड कुठे, कडा सरळ आहे की दातेरी. पाचवीतली दोन मुलं खेकड्याला आठ पाय की दहा ह्यावर इतकी भांडली की शेवटी खेकड्याकडेच जावं लागलं (नांग्या धरून दहा).

सगळ्यात जास्त वेळ आम्ही कशावर घालवला असेल तर बार्नेकलवर. म्हणजे ते बोटीच्या बुडाला चिकटून बसतात आणि ह्यांचे बाबा खरवडून काढतात ते. पोरांसाठी तो नुसता त्रास, प्राणी नाहीच. एका मुलीने चित्र काढताना विचारलं की बाई ह्याच्या मधोमध दार आहे, ते उघडतं का? मग एक बार्नेकल असलेला छोटा दगड बरणीत समुद्राच्या पाण्यात ठेवला आणि थांबलो. बराच वेळ काही नाही, पोरं कंटाळली, आणि मग दार उघडून आतून पिसासारखे पाय बाहेर, पाणी ओढतायत, परत आत, परत बाहेर. वर्गात जो आरडाओरडा झाला! मोबाईलवर स्लो मोशनमध्ये घेतलं तेव्हा पाय नीट दिसले. मी सांगितलं की हा शिंपल्यांपैकी नाही, हा कुर्ली आणि कोळंबीचा नातेवाईक, डोक्यावर उभा राहून पायांनी खाणारा. कोणी विश्वास ठेवेना. त्यांना म्हटलं, शास्त्रज्ञांनी पण १८३० पर्यंत त्याला शिंपल्या-कालवांच्या गटात टाकलं होतं, पिल्लं पाण्यात पोहताना पाहिली तेव्हा कळलं. तेव्हा कुठे जरा पटलं. दगड संध्याकाळी होता तिथे नेऊन ठेवला.

फोल्डस्कोप पण वापरला, कागदाची घडी घालून बनवायचा सूक्ष्मदर्शक, स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या टीमने केलेला, साधारण १४० पट मोठं दाखवतो. जुन्या पायमोज्याची जाळी करून जेट्टीवरून पाणी गाळलं, थेंबात इकडून तिकडे उड्या मारणारे बारीक जीव दिसले. खरं सांगायचं तर फोल्डस्कोपमध्ये फोकस धरणं लहान मुलांना अवघड जातं, सातवीवाल्यांना जमलं, चौथीवाल्यांनी बहुतेक आपल्याच पापण्या पाहिल्या.

चित्रकलेच्या तासाला माशांचे ठसे. जपानमधले कोळी एकोणिसाव्या शतकात पकडलेल्या माशाला शाई लावून कागदावर ठसा घ्यायचे, त्याला ग्योताकू म्हणतात. आम्ही मिठाने आणि व्हिनेगरने चिकटा धुतला, मासा कोरडा केला, थर्माकोलवर पर टाचणीने पसरले, रंग पातळ लावून पतंगाचा कागद दाबला. बांगड्याचा ठसा म्हणजे नुसता डाग आला, पण कोणाच्या तरी घरून आलेल्या छोट्या तांबोशीचा एक एक खवला उमटला आणि अंगावरून जाणारी ती बारीक रेघ पण. ती रेघ कशाची, हा प्रश्न लगेच आला. त्या रेघेने माशाला पाण्यातली हालचाल कळते हे सांगितल्यावर एकजण म्हणाला, म्हणूनच रात्री पण जाळं चुकवतात. दुसऱ्या दिवशी एका बाबांनी गेटवर विचारलं, "बाई, तांबोशीला रंग फासला म्हणे?" हसत विचारलं, पण विचारलंच. तेव्हापासून बाजारात न जाणारे फुटके मासेच घेतो.

गुहागरहून फेब्रुवारी २०२३ मध्ये सॅटेलाइट टॅग लावून सोडलेल्या बागेश्री कासवाचा प्रवास पोरांनी नकाशावर लोकरीने लावला, खाली लक्षद्वीपच्या समुद्रातून श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात. ही कुठल्या कुठे गेली म्हणून सगळे खूश. मग मी दुसरी बातमी वाचून दाखवली, ओडिशात २०२१ ला पायाला टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली, म्हणजे उलट्या दिशेने. त्यावर वर्गात शांतता आणि मग एक प्रश्न, तिला रस्ता कोण सांगतं? ते अजून फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलंय.

आता पोरांचं स्वतःचं संशोधन. इकडे सगळे म्हणतात अमावास्येच्या कुर्ल्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ. सातवीतल्या एकाने म्हटलं बाई आपण मोजूया की. झालं, पट्टीने पाठीची रुंदी आणि किचनच्या डिजिटल काट्यावर वजन, घरी येणारी प्रत्येक कुर्ली शिजायच्या आधी वहीत. एकाची आजी म्हणाली काटा कशाला, पायाला दाबून बघ, कळतं. तो रकाना पण वाढवला, आजीचं मत. तर सध्या परिस्थिती अशी आहे की एकाच दिवशी, एकाच मापाच्या दोन कुर्ल्यांच्या वजनात इतका फरक येतो की चंद्राचा काही संबंध आहे की नाही सांगता येत नाही. कात टाकलेली कुर्ली नवं कवच धरेपर्यंत आत पाणीच असते, ती कधीही सापडू शकते, हे मी समजावलं. तर लगेच वहीत अजून एक रकाना, कवच मऊ की कडक. आजी मात्र अजून तरी काट्याच्या पुढे आहेत.

वर्गाच्या बाहेरच्या भिंतीवर मोठं चित्र केलं ते चौकटींच्या आकड्यांवरूनच. वर बारीक गोगलगायी, खाली बार्नेकलचा पट्टा, मग कालवं, मग हिरवं शेवाळ, अगदी खाली समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी). जिथे साठ टक्के बार्नेकल तिथे भिंतीच्या शंभर घरांतली साठ घरं भरायची, कमी नाही जास्त नाही. ऑईल पेंट महाग पडतो, हे ज्यांना करायचंय त्यांनी आधीच धरून चालावं. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं की डॉल्फिन का नाही काढला. चौथीतल्या मुलीने उत्तर दिलं, "आमच्या चौकटीत नाय आला."

पावसाळ्यात खडकावर जाणं बंद, लाटा आणि निसरडं. तेव्हा निळी बटणं (जेलीफिशच्या नात्यातले बटणासारखे गोल जीव) वाळूवर वाहून येतात ती लांबून बघायची, हात न लावता, आणि कुर्ल्यांची वही तेवढी चालू ठेवायची असं ठरलंय. मासेमारी बंद असली तरी खाडीतल्या कुर्ल्या येतातच.