तारखा आठवत नव्हत्या, सण आठवत होते

कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज कसा केलास, असं ओळखीच्या-बिनओळखीच्या बऱ्याच जणी मला विचारतात. फोनवर सगळं सांगून होत नाही. पलीकडे कुणीतरी येतं, बोलणारीला आवाज बारीक करावा लागतो आणि नेमकं महत्त्वाचं राहून जातं. म्हणून इथे सविस्तर लिहिते. नावं कुणाचीच लिहीत नाही.

माझं सासर कोल्हापुरात, नदीच्या अंगाच्या जुन्या पेठेत. माहेर कागल तालुक्यात. नवरा फौंड्रीत कामाला. मी घरी बसून चपलांसाठी चामड्याच्या वेण्या घालते. मारहाणीचं वर्णन इथे करत नाही. एका रात्री मला आणि माझ्या मुलीला घराबाहेर काढलं, कडी आतून लागली आणि सकाळी मी भावाच्या दारात होते. आधी पोलिसांत गेले. तिथं एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली आणि 'घरचं आहे, घरात मिटवा' म्हणून परत पाठवलं.

भावजयीच्या ओळखीने मी महिला केंद्रात पोहोचले. केंद्र म्हणजे एका तालमीच्या वरच्या मजल्यावरची लांब खोली. सकाळ-संध्याकाळ खाली पोरं जोर मारतात, दुपारी तालीम रिकामी असते, त्या वेळात वर बायका येतात. चार शिलाई मशिनी, एक कपाट, सतरंज्या. कुणी शिवण शिकतं, कुणी भिशीचे पैसे भरायला येतं, गुरुवारी एक डॉक्टरबाई येऊन तपासतात. त्यामुळे जिना चढणारी बाई नेमकी कशासाठी चाललीय हे खाली कुणाला कळत नाही. घरातल्यांना 'शिवणक्लासला जाते' एवढं सांगितलं तरी चालतं. या गोष्टीचं मोल मला फार वाटतं. 'पीडित महिलांसाठी' असा फलक खाली लावला असता तर माझ्यासारखीने तो जिना चढला नसता.

केंद्र चालवणाऱ्या बाईंना सगळ्या अक्का म्हणतात. मी अर्जाचं बोलायला गेले होते. अक्कांनी आधी डॉक्टरबाईंपुढे बसवलं. बाईचं हिमोग्लोबिन किमान १२ असावं लागतं, माझं ८ च्याही खाली निघालं. मी म्हटलं, "अक्का, मी रक्त तपासायला नाही आले." तर म्हणाल्या, "पोरी, कोर्टात दिवसभर बाकड्यावर बसायला लागतंय. चक्कर येऊन पडलीस तर पुकारा झाल्यावर उभं कोण राहणार? आधी रक्त वाढव, अर्ज कुठं पळून चाललाय?" लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळीवर चहा प्यायचा नाही, लिंबू पिळलेलं पाणी घ्यायचं, हेही सांगितलं. अर्जाचं कामही त्याच आठवड्यात सुरू झालं, पण आधी माझ्या तब्येतीकडे बघितलं गेलं. कितीतरी वर्षांत तसं कुणी बघितलं नव्हतं.

आता खरं अवघड काम. अर्जात घटना तारीखवार लिहाव्या लागतात. कधी, कुठं, काय झालं, कोण हजर होतं. मला एकही तारीख सांगता येईना. अक्कांना ते नवीन नव्हतं. त्यांनी कपाटातून जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा काढला. दरवर्षीचं कॅलेंडर त्या मुद्दाम जपून ठेवतात. त्यावर दुधाचे खाडे, गॅस लावल्याचा दिवस असलं काहीबाही लिहिलेलं असतं.

"पहिल्यांदा हात कधी उचलला?"

"महापुराच्या वर्षी."

"पाणी चढायच्या आधी का उतरल्यावर?"

"उतरल्यावर. घरातला चिखल काढत होतो आम्ही."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. पाणी कधी ओसरलं, आम्ही शाळेतल्या छावणीतून घरी कधी आलो, भाऊ चादरी घेऊन कुठल्या वारी आला, असं विचारत विचारत अक्का त्या आठवड्यापर्यंत आल्या आणि वहीत तारीख लिहिली.

दुसरी घटना टेंबलाईच्या यात्रेच्या दिवसांतली. आषाढात नदीचं नवीन पाणी देवीला घालायला कलश निघतात, बाहेर पी ढबाक वाद्यं वाजत होती, त्यामुळे माझा आवाज शेजारी गेला नाही. ही यात्रा मंगळवारी आणि शुक्रवारी असते. मुलीला त्या दिवशी शाळा होती, एवढं आठवत होतं. कॅलेंडरवर बोट फिरवता फिरवता दिवस सापडला. एक जोतिबाच्या यात्रेच्या आदल्या दिवशीची, म्हणजे चैत्र पौर्णिमेच्या आदली. एक मुलीच्या जावळाच्या दिवशीची. जे मला वाटत होतं की सगळं एकात एक मिसळलंय, ते ओळीने उभं राहिलं. काही दुपारी मी दोन ओळींपलीकडे गेले नाही. अक्का वही मिटायच्या आणि मला शिवणाच्या बायकांत बसवायच्या. पुन्हा उघडायची घाई त्यांनी एकदाही केली नाही.

वेण्यांच्या वहीचं मलाच सुचलं. मी ज्या व्यापाऱ्याला माल देते, तो दर आठवड्याला किती वेण्या आल्या ते लिहून ठेवतो. मनगट सुजलं होतं त्या आठवड्यांत माझ्या नावापुढे जागा कोरी होती. त्यातला एक कोरा आठवडा आणि सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवरची तारीख जुळली. व्यापाऱ्याने त्या पानांच्या झेरॉक्स मुकाट दिल्या. आणि त्या पानांवर आणखी एक गोष्ट दिसत होती: मजुरी घेतल्याची सही बहुतेक वेळा नवऱ्याची. बाईची कमाई काढून घेणं, स्त्रीधन अडकवून ठेवणं ही कायद्याने आर्थिक हिंसा ठरते, हे मला केंद्रात कळलं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात शारीरिक मार एवढीच हिंसा धरलेली नाही. शिवीगाळ, मानसिक छळ, लैंगिक छळ, पैशाची कोंडी हे सगळं त्यात येतं.

वही घेऊन आम्ही संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेलो. हे महिला व बालविकास खात्याचे असतात, त्यांना पैसे द्यावे लागत नाहीत. त्यांनी 'कौटुंबिक घटना अहवाल' भरला. तारखा तयार असल्यामुळे ते काम एका बैठकीत झालं. माझ्याआधी बसलेली बाई नुसती रडत होती, तिला पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं गेलं. तिची चूक काहीच नव्हती. तिला कॅलेंडर काढून देणारं कुणी नव्हतं. मी तिला केंद्राचा पत्ता लिहून दिला.

वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाल्या, फुकट. बाई अर्जदार असेल तर तिचं उत्पन्न किती ते बघत नाहीत. हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं आणि त्या गंठण गहाण टाकून वकील करतात. आणखी एक सांगते. हा अर्ज म्हणजे घटस्फोट नाही आणि नवऱ्याला तुरुंगात घालायची मागणीही नाही. त्याच २००५ च्या कायद्याच्या कलम १२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे संरक्षण, राहायला जागा, खर्चाला पैसे, मुलांचा ताबा हे मागता येतं. माहेरी राहत असाल तर तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो. मला मात्र कोल्हापुरातच करायचा होता, कारण मुलीची शाळा इथं आहे.

मी घरात राहण्याचा हक्क मागितला. माहेरचेसुद्धा म्हणत होते, घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तुला कोण उभं करणार? समोरच्या वकिलांनीही तेच मांडलं. आमच्या वकिलीणबाईंनी सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल दाखवला. सून ज्या घरात नांदली ते सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी 'सामायिक घर' ठरू शकतं, असं त्यात म्हटलं आहे. मी त्या घरात लग्न होऊन आले, रेशनकार्डावर नाव आहे, मुलीच्या शाळेत तोच पत्ता आहे. हे कागद आम्ही जोडले होते.

कायद्यात अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. कधी नोटीस बजावलेली नसायची, कधी समोरचे मुदत मागायचे. कसबा बावडा रोडच्या न्यायसंकुलात सकाळी जाऊन दुपारी नुसती पुढची तारीख घेऊन यायचं. प्रत्येक तारखेला केंद्रातली कुणी ना कुणी बरोबर असायची. एकदा शिरोळकडच्या एक काकू आल्या होत्या, विधवा. त्यांनी बाकड्यावर बसल्या बसल्या हेरवाडचं सांगितलं. मे २०२२ मध्ये त्या गावच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, त्यानंतर काकूंनी परत हिरवा चुडा भरला. "शाहू महाराजांनी १९१९ सालीच बायकांना छळण्याविरुद्ध कायदा केला होता की," असं त्या म्हणाल्या, "मग आपण शंभर वर्षांनी का लाजायचं?" मला ते पटलं. त्या दिवशीसुद्धा नुसती तारीखच मिळाली, पण परत येताना मी मान वर करून आले.

वकिलीणबाईंनी कलम २३ खाली अंतरिम आदेश मागितला. निकालापर्यंत थांबायची गरज नसते, प्रतिज्ञापत्रावर तो मिळू शकतो. आदेश झाला: पुढची खोली आणि स्वयंपाकघर मला वापरू द्यायचं, मारहाण-शिवीगाळ करायची नाही, मुलीच्या खर्चाला दरमहा रक्कम द्यायची. आदेशाची प्रत अर्जदाराला आणि पोलीस ठाण्याला मोफत मिळते, ती मागून घ्या. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

घरी परत गेले तेव्हा संरक्षण अधिकारी आणि एक महिला पोलीस बरोबर होत्या. आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, दार उघडलं नाही. पोलीसबाईंनी बाहेरूनच आदेश मोठ्याने वाचून दाखवला. शेजारचे गॅलरीत आले. मग मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, कडी काढली. आत्ती आजही माझ्याशी बोलत नाहीत. नवरा वरच्या खोलीत असतो. सोपं नाही, पण मुलगी शाळेत चालत जाते आणि वेण्यांची मजुरी माझ्या बँक खात्यात येते. ते खाते केंद्रातल्या बायकांनीच उघडायला लावलं.

मुख्य अर्जाचा निकाल अजून यायचा आहे, स्त्रीधनाचा भाग त्यातच आहे. कोल्हापूरच्या बाहेर असाल आणि असं केंद्र जवळ नसेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, कायद्याच्या मदतीसाठी १५१०० आहे. फोन करण्याआधी घरातली जुनी कॅलेंडरं, दूधवाल्याची वही, दवाखान्याचे कागद, मजुरीचा हिशेब हे सगळं एका पिशवीत भरून विश्वासाच्या माणसाकडे ठेवून द्या.